नेम पुढच्या पाण्यावर

इ. स. १६७९ हे वर्ष खानदेशातले धरणगाव आणि कुलाब्याच्या किनाऱ्यासमोरचे खांदेरी बेट या एरवी एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन ठिकाणांच्या इतिहासात मराठे आणि इंग्रज या त्याच दोन पक्षांच्या नावाने नोंदले गेले आहे. धरणगावात ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये वखार, म्हणजे माल खरेदी करून साठवण्याची आणि तिथून सुरतेकडे रवाना करण्याची कोठी, थाटली होती. आसपासच्या पट्ट्यात विणले जाणारे सुती कापड हे तिचे मुख्य आकर्षण होते. मराठी फौजांनी ही वखार वर्षभरातच लुटली, कंपनीने भरपाईसाठी मराठ्यांच्या दरबारी खेटे घातले, आणि १६७९ मध्ये धरणगाव पुन्हा लुटले गेले. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले, आणि मुंबई बंदराच्या तोंडाशीच मराठ्यांचा किल्ला उभा राहतो आहे हे पाहून इंग्रजांनी आपली जहाजे तिकडे धाडली.

खांदेरीच्या वेढ्यात जे घडले ते नाविक इतिहासाच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. इंग्रजांची जहाजे उंच डोलकाठ्यांची, तोफांनी जड आणि पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून असलेली होती, तर मराठ्यांच्या होड्या बुटक्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या आणि वारा पडला तरी वल्ह्यांवर निघून जाणाऱ्या होत्या. १९ सप्टेंबरच्या चकमकीत लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या बाजूच्या दौलतखानाच्या आरमाराशी झालेल्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब जातीचे जहाज मराठ्यांच्या हाती पडले, आणि ‘रिव्हेंज’ ही फ्रिगेट मात्र तोफांच्या बळावर टिकून राहिली. उघड्या पाण्यातल्या तोफांच्या लढाईत इंग्रज वरचढ होते, यात शंका नाही. परंतु वेढ्याचा निकाल त्या लढाईने लागला नाही. रात्रीच्या अंधारात दाणागोटा आणि दारूगोळा घेऊन बेटाकडे सरकणाऱ्या होड्या इंग्रजांना दिसत नव्हत्या, दिसल्या तरी गाठता येत नव्हत्या, आणि जे दिसत नाही त्यावर तोफ डागता येत नाही. खांदेरी मराठ्यांकडेच राहिले.

या बेटाचे नाव पुढे भारतीय नौदलाने दोनदा पाणबुडीला दिले. पहिली ‘खांदेरी’ सोव्हिएत बनावटीची, १९६८ मध्ये नौदलात आलेली आणि १९८९ मध्ये निवृत्त झालेली. दुसरी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, २८ सप्टेंबर २०१९ रोजी दाखल झालेली. नाव देणाऱ्यांच्या मनात किल्ल्याचा पराक्रम असणार हे उघड आहे. पण अदृश्य राहून वरचढ शत्रूला जेरीस आणण्याची जी रीत त्या बेटाभोवती दिसली, तिच्याशी पाणबुडीचे नाते किल्ल्याच्या तटबंदीपेक्षा अधिक जवळचे आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या अदृश्य नेमबाजीचा इतिहास हा आहे, आणि तो संगणकावरच्या एका खेळप्रकाराच्या अंगाने मांडला आहे. पाणबुडीचे अनुकरण करणाऱ्या या खेळांत, म्हणजे सिम्युलेशन खेळांत, खेळणारा पाणबुडीच्या कप्तानाच्या जागी बसतो, पेरिस्कोपमधून शत्रूची युद्धनौका न्याहाळतो, तिचे अंतर, दिशा आणि वेग ठरवतो आणि टॉर्पेडो सोडतो. टॉर्पेडो म्हणजे स्वतःच्या यंत्राने पाण्याखालून धावणारे, पुढच्या टोकात स्फोटके भरलेले लांबट अस्त्र. मराठीत त्याला पाणतीर असेही म्हटले गेले आहे, आणि हा शब्द दिसतो त्याहून अधिक नेमका आहे. समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक आत असलेल्या धरणगावासारख्या गावात हा खेळ खेळणाऱ्याने युद्धनौका कधी पाहिलेली नसण्याची शक्यता मोठी; तरी त्यातला मूळ प्रश्न खानदेशाला नवा नाही.

लेफ्टनंट जेम्स औट्रम याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली तेव्हा तिचे ठाणे धरणगावातच होते. कंपनी सरकारने या पलटणीच्या हाती बंदुका दिल्या, पण तीत भरती झालेली माणसे तिरकमठ्यावर वाढलेली होती, आणि धावत्या सशावर किंवा उडत्या तितरावर तीर सोडणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही: नेम जनावरावर धरायचा नसतो, जनावर जिथे पोचणार त्या जागेवर धरायचा असतो. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरांच्या थव्यावर गोफण फिरवणाराही हेच करतो. तीर क्षणार्धात पोचतो, म्हणून तिथे अंदाज सरावाने हाताला बसतो. टॉर्पेडोला मात्र एकेक मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात नौका बरेच पाणी कापून पुढे गेलेली असते. हाताच्या सवयीचे काम इथे संपते आणि गणिताचे सुरू होते.

हे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक युद्धनौका १० नॉट वेगाने पाणबुडीसमोरून आडवी चालली आहे. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, किलोमीटरमध्ये १.८५२. पाणबुडीपासून तिच्या मार्गाचे अंतर १००० मीटर आहे आणि टॉर्पेडोचा वेग ३० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपंधरा मीटर आहे. टॉर्पेडोला मार्गापर्यंत पोचायला सुमारे ६५ सेकंद लागतील आणि तेवढ्यात नौका सुमारे ३३३ मीटर पुढे सरकेल. म्हणून टॉर्पेडो नौकेवर न रोखता तिच्या सुमारे १८ अंश पुढे, त्या घटकेला पूर्ण मोकळ्या असलेल्या पाण्यावर रोखावा लागेल. यातली मौज अशी की अंतर १००० ऐवजी २००० मीटर धरले तरी हा कोन बदलत नाही, कारण तो दोन वेगांच्या गुणोत्तरावरून ठरतो. अंतराच्या चुकीला त्यामुळे काही प्रमाणात माफी असते. वेगाच्या चुकीला नसते. नौका १२० मीटर लांब असेल आणि नेम तिच्या मध्यावर धरला असेल, तर वेगाचा अंदाज दोन नॉटांनी चुकताच टॉर्पेडो नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, समोरून किंवा पिछाडीमागून निघून जातो. आणि अंतर दुप्पट झाले तर एका नॉटाची चूकही पुरते.

वेग ओळखायचा कसा, हा त्यामुळे पाणबुडीच्या कप्तानापुढचा सर्वांत अवघड प्रश्न ठरतो. नौकेचा प्रकार ओळखून तिच्या डोलकाठीची उंची पुस्तकात पाहायची, पेरिस्कोपच्या काचेवरच्या रेघांनी ती उंची मोजून अंतर काढायचे, नौका आपल्याकडे नेमकी किती अंशांत वळलेली दिसते ते ठरवायचे, आणि काचेवरच्या उभ्या रेघेला नौकेच्या नाळेपासून पिछाडीपर्यंत ओलांडायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजून, लांबीला सेकंदांनी भागून वेग काढायचा. हे सगळे पेरिस्कोप पाण्याबाहेर काही सेकंदच ठेवून करायचे, कारण त्याच्या मागे उठणारी फेसाची रेघ शत्रूच्या टेहळ्याला दिसू शकते. सिम्युलेशन खेळांतले जाणते खेळाडू संगणकाची आयती मदत बंद करून हीच आकडेमोड हाताने करणे पसंत करतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा उद्योग रिकामटेकडा वाटेल, पण खेळाचा सगळा रस त्यातच आहे: टॉर्पेडो सोडल्यानंतरचे ते ६५ सेकंद म्हणजे परीक्षेचा पेपर देऊन निकालाची वाट पाहण्यासारखे असतात.

टॉर्पेडोचा जन्म १८६६ चा. फ्यूमे या तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या बंदरात रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने दाबलेल्या हवेवर चालणारा पहिला स्वयंचलित टॉर्पेडो तयार केला. पाणबुडी आणि टॉर्पेडो यांची जोडी किती घातक ठरू शकते हे जगाला २२ सप्टेंबर १९१४ रोजी कळले. त्या दिवशी यू-९ या एकाच जर्मन पाणबुडीने उत्तर समुद्रात ‘अबूकीर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश क्रूझर तासाभराहून थोड्या अधिक अवधीत बुडवल्या आणि चौदाशेहून अधिक खलाशी प्राणास मुकले. तरीही हे अस्त्र भरवशाचे कधीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा मार्क १४ टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली धावत असे आणि आदळूनही अनेकदा फुटत नसे. हा दोष मान्य करून दुरुस्त करायला अमेरिकी नौदलाला १९४३ साल उजाडले. ‘टँग’ या नामांकित अमेरिकी पाणबुडीने २४-२५ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री सोडलेला अखेरचा टॉर्पेडो गोल फिरून तिच्यावरच येऊन आदळला आणि ७८ जण गेले. वाचलेल्या ९ जणांत तिचा कप्तान रिचर्ड ओकेन होता. आजचे खेळाडू वेग आणि कोन आधीच ठरवून नौका रेघेवर आली की टॉर्पेडो सोडण्याच्या एका पद्धतीला त्याच्याच नावाने ओळखतात.

एवढे महागडे आणि लहरी अस्त्र सरावासाठी खऱ्या समुद्रात वारंवार सोडणे कोणत्याही नौदलाला परवडणारे नव्हते, आणि इथेच या खेळांचे खरे मूळ सापडते. पहिल्या महायुद्धाच्या काळातच ब्रिटिश नौदलाने पाणबुडीच्या कप्तानांसाठी जमिनीवरचे हल्ला-प्रशिक्षण यंत्र वापरात आणले होते. त्यात शिकाऊ अधिकारी खालच्या खोलीत पेरिस्कोपला डोळा लावून उभा राही, वर नौकांच्या लहान प्रतिकृती हलवल्या जात, आणि त्याने सांगितलेल्या अंतर-दिशा-वेगावरून टॉर्पेडो लागला की हुकला हे आकडेमोडीने ठरे. १९१७ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश कप्तानांच्या निवड अभ्यासक्रमात नापास होणाऱ्याला पाणबुडी सेवा कायमची सोडावी लागते. तेव्हा पाणबुडीचा सिम्युलेशन खेळ म्हणजे युद्धाची करमणुकीसाठी केलेली नक्कल, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे. नक्कल आधी शाळेत होती, करमणूक नंतर आली.

शिकाऱ्याची शाळा होती तशीच शिकार टाळणाऱ्यांचीही होती. लिव्हरपूल येथे जानेवारी १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स याने पाणबुड्यांशी सामना कसा करावा हे शोधण्यासाठी जो विभाग काढला, त्याचे मुख्य साधन म्हणजे चौकटी आखलेली खोलीची जमीन आणि खडू एवढेच होते. नौकांचा मार्ग पांढऱ्या खडूने आखला जाई आणि पाणबुडीचा हिरव्या खडूने, कारण तपकिरी जमिनीवर तिरप्या नजरेला हिरवी रेघ जवळजवळ दिसत नसे. नौकांच्या बाजूने खेळणारे अधिकारी कापडी पडद्याच्या फटीतून, म्हणजे प्रत्यक्ष समुद्रात जेवढे दिसेल तेवढेच, पाहू शकत. हा खेळ चालवणाऱ्यांत बहुसंख्य नौदलाच्या महिला शाखेतल्या तरुणी होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींनी पाणबुडीची बाजू घेऊन मुरलेल्या अधिकाऱ्यांना मात दिली. जर्मन पाणबुड्या रात्री पाण्यावर येऊन ताफ्याच्या मागच्या बाजूने आत शिरतात, हे रॉबर्ट्सच्या विभागाच्या ध्यानात आले ते याच जमिनीवर. हिरव्या खडूची ही युक्ती खांदेरीच्या वेढ्यातल्या इंग्रजांना लगेच उमगली असती.

मुंबईनेही अशी शाळा पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीचे पाणबुडीविरोधी प्रशिक्षण केंद्र वेसाव्याला, म्हणजे आजच्या वर्सोव्याला होते, आणि त्याचे नाव ‘मच्छलीमार’ असे होते. ज्या किनाऱ्यावर कोळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे तिथे हे नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती असे मानायला हरकत नाही. तिथे शिकवली जाई ती अॅसडिकची, पुढे सोनार म्हणून ओळखल्या गेलेल्या यंत्राची विद्या: पाण्यात ध्वनीचा ठोका सोडायचा, तो कशावर आदळून परत येतो का ते ऐकायचे, आणि परतायला लागलेल्या वेळावरून अंतर ओळखायचे. भारतीय नौकांनी ही विद्या वापरल्याची ठाम उदाहरणे आहेत. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी बंगालच्या उपसागरात ‘जमना’ने दोन ऑस्ट्रेलियन नौकांसह आरओ-११० ही जपानी पाणबुडी बुडवली, आणि त्याच वर्षीच्या १२ ऑगस्टला सेशेल्सजवळ यू-१९८ या जर्मन पाणबुडीच्या शेवटात ‘गोदावरी’चा वाटा होता.

करमणुकीच्या बाजारात पाणबुडी आली ती १९६० च्या दशकात. जपानच्या सेगा कंपनीचे ‘पेरिस्कोप’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र १९६६ चे. त्यात खेळणारा खऱ्यासारख्या पेरिस्कोपला डोळा लावून पुठ्ठ्याच्या सरकत्या नौकांवर दिव्यांच्या रांगेने दाखवलेला टॉर्पेडो सोडत असे. १९७६ मध्ये मिडवे कंपनीच्या ‘सी वुल्फ’ने तेच पडद्यावर आणले. घरगुती संगणकावर सिड मायर याचा ‘सायलेंट सर्व्हिस’ १९८५ मध्ये आला, १९९४ मध्ये ‘एसेस ऑफ द डीप’ आणि १९९६ मध्ये ‘सायलेंट हंटर’. या शेवटच्या मालिकेतला २००५ चा तिसरा खेळ बुखारेस्टमध्ये तयार झाला आणि अनेक खेळाडू आजही तो प्रमाण मानतात. महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांत संगणक घरोघरी पोचू लागला तो साधारण याच सुमारास. २००१ पासून सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचे वर्ग आणि तासावर भाडे घेणारे सायबर कॅफे यांचा त्यात मोठा हात होता. क्रिकेट आणि गाड्यांच्या शर्यतींसमोर पाणबुडीचा खेळ तिथे मागेच राहिला, आणि त्याचे कारण उघड आहे: या खेळात बहुतेक वेळ काहीच घडत नाही. म्हणून तर घड्याळ हजारपट वेगाने पळवण्याची सोय त्यात असते, आणि दोन आठवड्यांची गस्त चहाचा कप संपायच्या आत उरकता येते.

या खेळांनी इतिहासातून उचललेली आणखी एक गोष्ट म्हणजे गुण मोजायची रीत. जर्मन कप्तानांचा मान त्यांनी बुडवलेल्या टनांवरून ठरत असे आणि खेळातली नोंदवहीही टनच मोजते. व्यापारी जहाजाचा हा टन वजनाचा नसून जागेचा आहे, १०० घनफूट म्हणजे एक टन. युद्धनौकेचा टन मात्र ती बाजूला सारते त्या पाण्याच्या वजनाचा. साहजिकच या हिशोबात तेलवाहू जहाज हे घबाड ठरते, तर चपळ, उथळ बुडाची आणि उलट हल्ला करणारी छोटी युद्धनौका ही जिवावरची जोखीम असून पदरात टाकते थोडेच. कसलेला खेळाडू म्हणूनच युद्धनौकेच्या वाटेला फारसा जात नाही, आणि गेला तर टनांसाठी जात नाही. अवघड नेम साधल्याचे समाधान हेच त्याचे बक्षीस असते.

परंतु या खेळांतली खुर्ची नेहमी शिकाऱ्याची असते, आणि मुंबईच्या समुद्राचा इतिहास पाहू जाता तो प्रामुख्याने सावजाच्या बाजूचा आहे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा, मापुतो आणि डर्बनकडे निघालेल्या ‘तिलावा’ या प्रवासी जहाजावर ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि ४ तोफची होते. २३ नोव्हेंबरला सेशेल्सच्या अलीकडे आय-२९ या जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. जहाज तरीही तरंगत राहिल्याने काही लोक नावांतून पुन्हा त्यावर चढू लागले, तोच दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण बुडाले आणि ६७८ जण वाचले, त्यांतल्या बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने उचलून घेतले. या पाणबुडीचे नाव भारतीय वाचकाला दुसऱ्याच प्रसंगावरून ठाऊक असते: एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ सुभाषचंद्र बोस जर्मन यू-१८० मधून ज्या जपानी पाणबुडीत गेले, ती हीच आय-२९. जेमतेम पाच महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना आपल्याकडच्या पुस्तकांत सहसा शेजारी-शेजारी येत नाहीत.

स्वतंत्र भारताची पाणबुडी शाखा सुरू झाली ती ‘कलवरी’ ही पाणबुडी ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा येथे दाखल झाली तेव्हापासून. पाणबुडीवाल्यांचे प्रशिक्षण विशाखापट्टणमच्या ‘सातवाहन’ या संस्थेत होते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, ज्या राजकुळाच्या यज्ञश्री सातकर्णीने आपल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरवले, त्याचे हे नाव. माझगाव गोदीने बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ १९९२ मध्ये नौदलात आली, ‘शंकुल’ १९९४ मध्ये, आणि दुसऱ्या ‘खांदेरी’च्या वर्गातली सहावी व शेवटची ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. यांपैकी एकीनेही युद्धात टॉर्पेडोने शत्रूची नौका बुडवलेली नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या युद्धात पाणबुडीने नौका बुडवल्याचा जो प्रसंग आहे, त्यात नौका आपली होती.

‘खुकरी’ ही सुमारे १२०० टनांची ब्रिटिश बांधणीची फ्रिगेट खास पाणबुड्या शोधण्यासाठीच बनवलेली होती. डिसेंबर १९७१ मध्ये ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाकिस्तानी पाणबुडीचा माग काठेवाडच्या दक्षिणेला लागला, तेव्हा ‘खुकरी’ आणि तिचीच जोडीदार ‘कृपाण’ मुंबईहून तिच्या शोधात निघाल्या. तिसरी नौका ‘कुठार’ बॉयलरच्या स्फोटामुळे या कामाला उरली नव्हती. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यात सोनार चालवणे मुळातच कठीण आहे. वरचे पाणी तापलेले आणि खालचे गार, अशा दोन थरांच्या सीमेवर ध्वनीची लाट खाली वळते, आणि त्या सीमेखाली दबून बसलेली पाणबुडी नौकेला ऐकू येत नाही. पाणबुडीला मात्र नौकेच्या पंख्याचा आवाज दुरून ऐकू येऊ शकतो. ‘खुकरी’वर सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता, याची चर्चा व्हाइस अॅडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासातही आली आहे. शोधणाऱ्याचा मंद वेग म्हणजे लपलेल्याची सोय, हे वर मांडलेल्या गणितावरून वेगळे सांगायला नको.

९ डिसेंबरच्या रात्री ‘हंगोर’चा कप्तान कमांडर अहमद तस्नीम याने पेरिस्कोप वर केला तेव्हा दिवे मालवलेल्या नौका अंधारात दिसेनात. त्याने पाणबुडी पुन्हा खाली नेली आणि केवळ आवाजावरून नेम धरला. खेळांतली पेरिस्कोपची गोल चौकट, तिच्यातली उभी रेघ, डोलकाठीचे मोजमाप, यांपैकी काहीही त्या रात्री कामास आले नाही. टॉर्पेडोही आता नौकेचा आवाज ऐकून मागे लागणारे होते. ‘कृपाण’वर सोडलेला पहिला फुटलाच नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला आणि नौका काही मिनिटांत, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिलीच घटना, आणि टनांच्या हिशोबात ती खेळाच्या नोंदवहीतली अगदी खालची ओळ ठरली असती.

वाचलेले ६७ जण रात्रभर पाण्यात आणि तराफ्यांवर राहिले. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या नौकेने त्यांना उचलून घेतले. ‘हंगोर’ आज कराचीच्या सागरी संग्रहालयात जमिनीवर ठेवलेली आहे. दीवला समुद्राकडे तोंड केलेल्या एका टेकाडावर ‘खुकरी’चे स्मारक आहे, आणि त्यात काचेच्या पेटीत नौकेची एक लहान प्रतिकृती आहे, डोलकाठी आणि तोफांसह, हल्ला-प्रशिक्षणाच्या खोलीत पेरिस्कोपसमोरून सरकवल्या जात त्या प्रतिकृतींसारखीच.